दोन औंसांची रेघ

मित्रांनो, मला उलटं धरलंत तर मी देवघरातली घंटा वाटेन आणि सुलटं धरलंत तर कुल्फीचा कोन. मी दोन्ही नाही. मी आहे एक जुना औंसाचा ग्लास. खाली निमुळता, वर पसरट, एका गोल पायावर उभा आणि अंगभर रेघाच रेघा. एक औंस म्हणजे तुमच्या मापात साधारण तीस मिली. तुम्ही मला ओळखलं नाहीत तरी मी रागावणार नाही. तुमच्या खोकल्याचा डोस बाटलीच्या प्लास्टिकच्या टोपणातून येतो. पण एके काळी ठाण्याच्या अख्ख्या कोपरीचा खोकला माझ्यातून जायचा, काय समजलात!

काचेच्या भट्टीत माझा जन्म झाला. लालभडक आणि मऊ असताना मला साच्यात घातलं, गार झाल्यावर अंगावर रेघा कोरल्या. कोरणाऱ्या कारागिराला नेमकी त्याच वेळी शिंक आली असावी, कारण माझी दोन औंसांची रेघ केसभर वर बसली. केसभरच! पण लक्षात ठेवा, तिचं काम पुढे पडणार आहे.

ठाणे पूर्वेला, कोपरीत, श्रीपाद डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर पुढच्या खोलीत तपासायचे आणि मागे, लाकडी खिडकीपलीकडे, हरिहर कंपाउंडर औषध बनवायचे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मी अण्णांच्या उजव्या हाताचा. मोठ्या बरणीतलं औषध माझ्यात ओतताना ते बरणीवरची चिठ्ठी तळहाताकडे ठेवायचे, म्हणजे ओघळ आला तरी नाव पुसणार नाही. मग गुडघ्यात वाकून डोळे बरोब्बर माझ्या रेघेसमोर आणायचे. वरून बघितलं की एक दिसतं, खालून बघितलं की दुसरं. खरं फक्त समोरून दिसतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी खोडी पकडली. "दोनची रेघ केसभर वर आहे," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून अडतीस वर्षं दोन औंस मोजताना ते केसभर खाली थांबले.

औषध बाटलीत गेलं की अण्णा कागदाची पट्टी कातरून बाटलीला चिकटवायचे. जितके डोस तितक्या खाचा. एक खाच उतरली की एक डोस झाला. वर लिहायचे, 'हलवून घेणे. जेवणानंतर.' लिहिता-वाचता न येणारी म्हातारी माणसंसुद्धा खाचा बोटांनी चाचपून डोस घ्यायची. आणि पोपट रिक्षावाला तर दारातूनच ओरडायचा, "डॉक्टर, सुई नको! अण्णांचं लाल मिक्श्चर द्या, दोन डोसात खडखडीत!" हे ऐकून डॉक्टर हसायचे, अण्णा गंभीर राहायचे आणि मी उन्हात चमकायचो. काय दिवस होते ते!

मग एका सकाळी अण्णांचा हात हलला. थोडासाच. थेंब रेघेच्या वर गेला. अण्णांनी ते औषध ओतून टाकलं, दुसऱ्यांदा मोजलं, पुन्हा हात हलला. त्यांनी मला धुतलं, पुसलं, पांढरा कोट काढला आणि डॉक्टरांना म्हणाले, "हात हलला की कंपाउंडर संपला." कुणी हाकललं नव्हतं. कुणाला कळलंही नव्हतं. त्यांनीच मला त्या कोटाच्या तुकड्यात गुंडाळून घरी आणलं आणि माळ्यावर ठेवलं. तिथे मी अकरा वर्षं पडून होतो. शेजारी दवाखान्यातली एक रिकामी बाटली, दिवाळीचा कंदील, तुटका स्टोव्ह आणि पाल. पाल बरी होती, निदान हलायची तरी.

मला खाली काढलं ते प्राचीने. प्राची म्हणजे अण्णांची नात, सव्वीस वर्षांची, एका छोट्या हॉटेलात स्वागताच्या टेबलावर बसणारी. पण तिला टेबलाच्या अलीकडे बसायचं नव्हतं, बारच्या पलीकडे उभं राहायचं होतं. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात तिची चाचणी झाली होती. तिने स्वतःचं एक पेय बसवलं होतं. व्होडका, जिन, पांढरी रम आणि टकीला, चारही अर्धा-अर्धा औंस, त्यात लिंबू, साखरेचा पाक आणि रंगाला कोकणातलं आपलं कोकमाचं आगळ. दिसायला साधं सरबत, आत चार पैलवान! नाकं मुरडू नका, मित्रांनो. हे पेय तुमच्यासाठी नाही, हे मला तुमच्याआधी माहीत आहे.

चाचणी अशी होती की सहा ग्लास करायचे आणि सहाही एकसारखे. प्राचीचे सहा ग्लास सहा रंगांचे झाले. बारचे प्रमुख प्रितम सर म्हणाले, "चव भारी आहे. पण तू अंदाजाने ओततेस. दीड महिन्याने ये. ती शेवटची वेळ, त्यानंतर मी दुसरी मुलगी घेणार."

तर ही प्राची माळ्यावर बरणी शोधायला चढली आणि तिला मी सापडलो. कोटाचा तुकडा सोडला, मला उजेडाकडे धरलं आणि ओरडली, "आई! हे बघ, ह्याच्यावर रेघा आहेत!"

"खाली उतर आधी," तिची आई कादंबरी स्वयंपाकघरातून म्हणाली. ती पोस्टात नोकरीला. प्राचीचे बाबा जहाजावर, त्यामुळे घराचं सुकाणू तिच्याच हातात. "सव्वीस वर्षांची घोडी झालीस. लोकांच्या मुली पोळ्या लाटायला शिकतात, माझी दारू ढवळायला शिकतेय."

"पोळ्या गोल येतात माझ्या. सहाच्या सहा सारख्या. फक्त हेच सारखं येत नाहीये ना!"

अण्णा दारातल्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची भिंतीकडे वळवली.  अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! अकरा वर्षांनी भेट झाली आणि माझ्या माणसाने मला पाठ दाखवली.

प्राची मात्र हटणारी नव्हती. रोज कामावरून आली की ओट्यावर बाटल्या मांडायची. बाटल्या दारूच्या आकाराच्या, आत नळाचं पाणी. पाणी माझ्यात ओतायची, पुसायची, परत ओतायची. अण्णांची पाठ तशीच. चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी ती दुसऱ्या बाटलीतलं पाणी ओतत होती आणि पाठ बोलली.

"जास्त झालं."

प्राची थबकली. "अण्णा, तुम्ही बघितलंत?"

"ऐकलं. भरत आलं की आवाज बारीक होतो. तुझा फार बारीक झाला."

तिने वाकून पाहिलं. पाणी खरंच रेघेच्या वर होतं. ती मान वाकडी करून वरून बघत होती, ते अण्णांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपलं आणि मग त्यांना राहवेना. त्यांनी खुर्ची फिरवली. "अगं, असं विहिरीत वाकल्यासारखं काय बघतेस? गुडघे वाकव! डोळे रेघेच्या समोर आण! आणि ती बाटली कशी धरलीस? चिठ्ठी तळहाताकडे! ओघळानं नाव गेलं तर उद्या कळणार कसं आत काय आहे?"

"म्हणजे तुम्ही शिकवणार?"

"मी दारू शिकवत नाही," अण्णा ठसक्यात म्हणाले. "मी माप शिकवतो. पुढे तू त्यात काय घालशील ते तुझं तू बघ."

तेव्हापासून आमचा दवाखाना पुन्हा उघडला, मित्रांनो! अर्धा औंस, एक, दीड, दोन. चार पैलवान मिळून बरोबर दोन औंस होत, म्हणजे थेट माझ्या त्या शिंकलेल्या रेघेपाशी. "केसभर खाली," अण्णा म्हणायचे. "हे माप खोटं नाही, फक्त त्याची खोड आहे. प्रत्येक मापाची असते. नवं माप हातात आलं की आधी पाण्याने त्याची खोड ओळखायची, मगच विश्वास ठेवायचा." अण्णांचा हात आता सारखा कापायचा, म्हणून ते मला उचलत नसत. नुसते बोटाने दाखवत, आणि बोटही कापायचं. पण मला ठाऊक होतं, ते कुठे बोट ठेवतायत.

चाचणी रविवारी होती. शुक्रवारी प्राचीने रजा काढली. "एकदा तरी खरं करून बघायला हवं," ती म्हणाली, "आगळ तळाला बसतं का, ते पाण्यात कळत नाही." दारू घ्यायचा परवाना तिच्याकडे होताच. तिने चारही प्रकार माझ्यातून मोजले, लिंबू, पाक आणि आगळ घातलं. रंग असा लालबुंद आला की मला क्षणभर श्रीपाद डॉक्टरांचा दवाखानाच दिसला.

"बाटलीत भरून रात्रभर ठेव," अण्णा म्हणाले. "साका बसला तर सकाळी दिसेल."

बाटली कुठली? माळ्यावर माझ्याच सोबत पडलेली, दवाखान्यातली. तिने ती उकळून घेतली आणि भरली. आणि अण्णांचे हात, ते कापरे हात, आपोआप कामाला लागले. त्यांनी कागद घेतला, कातरला, चार खाचा पाडल्या, डिंकाने चिकटवला आणि वर वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'हलवून घेणे. जेवणानंतर.'

प्राची हसून हसून ओट्याला टेकली. अण्णासुद्धा हसले. मीही हसलो. किती वर्षांनी ते अक्षर बाटलीवर आलं होतं! आत काय आहे, ते मात्र तिघांपैकी कुणी बाटलीवर लिहिलं नाही.

प्राचीने बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि लिंबं आणायला गेली. अण्णा आडवे झाले. मी न धुतलेला, ओट्यावर. पाच वाजता कादंबरी पोस्टातून आली, आणि तिच्या मागोमाग दारात पोपटकाका. तेच ते, आता केस पांढरे, पण रिक्षा चालूच.

"वहिनी, अण्णा हायेत का? खोकला लय झालाय. शीळफाट्याचं भाडं घेतलंय, तिथली धूळ आणि धूर, काय विचारू नका."

"अण्णा झोपलेत हो," कादंबरी म्हणाली आणि तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. बाटली. लाल औषध. खाचांची पट्टी. तिचा चेहरा इतका फुलला की मला अजून आठवतो. "अगं बाई! पोपटभाऊ, तुमचं मिक्श्चर करून ठेवलंय अण्णांनी! अकरा वर्षांनी हातात माप घेतलं बघा त्यांनी! घ्या, घ्या."

पोपटकाकांनी बाटली कपाळाला लावली आणि जिना उतरले.

मित्रांनो, ग्लासाला तोंड असतं, पण आवाज नसतो. मी ओट्यावर उभा राहून नुसता बघत होतो.

दहा मिनिटांनी प्राची आली, लिंबं ठेवली, मला नळाखाली धरलं. "आई, खिडकीतली बाटली कुठंय?"

"पोपटभाऊ आलेले, त्यांना दिली. खोकला होता."

नळ वाहत राहिला. "आई, ती दारू होती."

 प्राचीने फोन लावला. वाजला, वाजला, बंद पडला. ती तशीच धावली. पायात दोन वेगवेगळ्या चपला, ओल्या मुठीत मी! दोन मजले, मग गल्ली, मग स्टेशनाजवळचा रिक्षा स्टँड. मला तिच्या मुठीतून तिची नाडी कळत होती. पोपटकाकांनी एक डोस घेऊन रिक्षा शीळफाट्याला काढली असती तर? मागे बसलेल्या माणसाचं काय? समोरून येणाऱ्या माणसाचं काय? तिने स्टँडवर ओरडून विचारलं, "पोपटकाका गेले?"

"ते काय, कोपऱ्यावर! भाडं बसवून जेवतायत!"

खरंच. रिक्षात मागे एक बाई पिशवी मांडीवर घेऊन तणतणत होत्या. "अहो, निघा ना! ही काय जेवायची वेळ आहे?"

"ताई, औषध घ्यायचंय," पोपटकाका शांतपणे डब्यातली भाकरी मोडत म्हणाले. "जेवल्याशिवाय घेता येत नाय. लिवलंय तसं."

बाटली त्यांच्या पायाशी उभी होती. चारही खाचा भरलेल्या. झाकण बंद. प्राचीने झडप घालून ती उचलली.

"काका, हे औषध नाहीये. ह्यात दारू आहे. चूक झाली आमची."

पोपटकाकांचा घास हातातच राहिला. "दारू? अण्णांच्या बाटलीत?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "पोरी, सतरा वर्षं झाली मी थेंब घेतला नाय. अण्णांनीच सोडवली. खिडकीतून रोज विचारायचे, 'आज कितवा दिवस?' मी डोळे मिटून प्यायलो असतो गं हे. पट्टी बघून."

 प्राची बाटली घट्ट धरून परत आली.

घरी अण्णा उठले होते, कादंबरीने सगळं सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, "चूक माझी. पट्टी मी लावली."

"नाही अण्णा," कादंबरी म्हणाली, "न विचारता दिली मी."

"खिडकीत मी ठेवली," प्राची म्हणाली.

"चूक तिघांत वाटली म्हणून लहान होत नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी ओल्या अंगठ्याने पट्टी खरवडून काढली. एकेक खाच. मग काठी घेतली आणि सहा महिन्यांत जो जिना उतरला नव्हता तो उतरून पोपटकाकांना भेटायला गेले.

प्राचीने बाटली मोरीत ओतली. तिचे चार पैलवान लाल होऊन जाळीतून गेले.

"आता संपलं ना हे?" कादंबरीने विचारलं. रागाने नाही, दमून.

"ह्या घरात दारू संपली," प्राची म्हणाली. "माझा सराव नाही संपला. आई, मी अंदाजाने ओतते म्हणून एकदा नापास झाले. आज अंदाजाने बाटली ठेवली म्हणून पोपटकाका... तिसऱ्यांदा मी अंदाजाने काही करणार नाहीये."

अण्णा परतले तेव्हा दिवे लागले होते. "पोपटभाऊ काय म्हणाले?" कादंबरीने विचारलं.

"म्हणाला, 'अण्णा, पट्टीनं फसवलं आणि पट्टीनंच वाचवलं. जेवणानंतर लिहिलं नसतंत तर गेलो होतो.'" अण्णा खुर्चीत बसले. मग प्राचीकडे वळले. "उद्या सकाळी सहाला उठ. नुसतं पाणी. आणि प्रत्येक बाटलीवर नाव. पाणी असलं तरी 'पाणी' असं लिहायचं."

शनिवारी काय झालं, ते माझ्या काचेला विचारा! सहा ग्लास, रिकामे, पुन्हा सहा ग्लास. दुपारी प्राचीचं मनगट सुजलं, तिने ओला रुमाल बांधला आणि डाव्या हाताने ओतायला घेतलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. "जास्त." "कमी." "जास्त." संध्याकाळी एकदा बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. प्राचीला वाटलं झोपले. झोपले नव्हते. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रविवारी मी कोटाच्या तुकड्यात गुंडाळून घोडबंदर रोडला गेलो. काय तो बार! आरसा, दिवे, बर्फाची ही मोठी पेटी. प्रितम सरांनी मला पाहिलं आणि हसले. "हे काय, शाळेच्या लॅबमधून उचललंस?"

"दवाखान्यातून, सर."

"बर्फाजवळ काच चालणार नाही. एक टवका उडाला तर अख्खी पेटी फेकावी लागते. आमचं रेघांचं, दोन औंसांचं स्टीलचं माप घे."

माझं तर पाणीपाणी झालं. ज्यासाठी दीड महिना घासलो, तिथे मला प्रवेशच नाही! पण प्राची म्हणाली, "चालेल, सर. फक्त दोन मिनिटं त्या बाजूच्या टेबलावर हे वापरू? नवीन माप आहे, आधी खोड ओळखायची असते."

सरांच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी मान हलवली. प्राचीने माझ्यात पाणी घेतलं, गुडघे वाकवले आणि दोनच्या रेघेच्या केसभर खाली थांबली. ते पाणी स्टीलच्या मापात ओतलं. ते उतू गेलं. तिने माप उलटं केलं. बूड आतून चेपलेलं होतं.

"सर, हे कमी भरतंय. दुसरं मिळेल?"

सरांनी माप हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि दुसरं दिलं. ते बरोबर निघालं. मग प्राचीने मला पुसलं, टेबलावर ठेवलं आणि बर्फाकडे गेली. एकटी.

मी लांबून बघत होतो. बाटलीवरची चिठ्ठी तळहाताकडे. गुडघे वाकलेले. डोळे समोर. प्रत्येक वेळी. सहा ग्लासांत चोवीस वेळा वाकली ती, आणि चोविसाव्यांदाही पहिल्यासारखीच. मला कुणी हात लावला नव्हता, पण तिथे जे चाललं होतं ते सगळं माझंच होतं, अण्णांचं होतं.

सहा ग्लास ओळीत उभे राहिले. सर काही वेळ वरून बघत होते. मग, मित्रांनो, ते गुडघ्यात वाकले! डोळे ग्लासांच्या समोर आणले. सहा लाल रेघा, एका सुतात. त्यांनी पहिल्या ग्लासातला थेंब चाखला, सहाव्यातला, तिसऱ्यातला, परत पहिल्यातला.

"नाव काय ह्याचं?"

"कंपाउंडर," प्राची म्हणाली. "नाव नसलेलं काही मी भरून ठेवत नाही आता."

"सोमवारी ये. कागद भरायचेत."

घरी पोचलो तेव्हा अण्णा दारातच होते, खुर्ची जिन्याकडे वळवलेली. नोकरी मिळाली का, असं त्यांनी विचारलंच नाही.

"दोनला कुठे थांबलीस?"

"केसभर खाली, अण्णा."

अण्णांनी कापऱ्या हातांनी मला तिच्याकडून घेतलं. अकरा वर्षांनी पहिल्यांदा. आणि घट्ट धरलं.

आता मी माळ्यावर नाही. ओट्याच्या वरच्या फळीवर असतो. माझ्या पायाला कादंबरीने चिठ्ठी चिकटवली आहे, 'अण्णांचं औषध'. रोज सकाळी ती माझ्यातूनच त्यांचा डोस मोजते. वाकून, समोरून बघून. पोपटकाका येतात, चहा घेतात आणि विचारतात, "वहिनी, आज बाटलीत काय?" कादंबरी लाजते आणि आधी चिठ्ठी वाचून दाखवते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं माप अडगळीत असेल तर त्याला खाली काढा. धुवा, उजेडाकडे धरा, पाणी भरून त्याची खोड ओळखा. कुठल्याही बाटलीत काहीही भरलंत, अगदी साधं पाणी भरलंत, तरी त्यावर नाव लिहा, कारण तुमच्या अक्षरावर डोळे मिटून विश्वास ठेवणारं कुणीतरी असतं. आणि मोजताना आळस करू नका. वाका. गुडघे दुखले तरी वाका. मी पन्नास वर्षं बघतोय, वाकून बघणारी माणसं हरत नाहीत.